होमब्रूवाल्यांची युक्ती, नाचणीच्या आंबिलीसाठी: फर्मेंटेशनचं तापमान मोबाईलवर कसं सांभाळायचं?

यूट्यूबवर 'होमब्रू' असं सर्च केलंत की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे घरच्या बादलीत बिअर बनवणारी परदेशातली मंडळी. आणि दुसरी म्हणजे त्या बादलीला चिकटवलेला एक छोटासा सेन्सर, ज्याचा ग्राफ त्यांच्या मोबाईलवर चोवीस तास चालू असतो. बहुतेक जण व्हिडिओ बघतात ते पहिल्या गोष्टीसाठी. आज आपण दुसरी समजून घेऊ.

आधी कायद्याचं बोलून टाकतो, म्हणजे शंका राहणार नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. (याचंच जुनं नाव मुंबई दारूबंदी अधिनियम.) त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे आणि बिअर मद्यातच मोडते. 'मी विकत नाही, घरीच पितो' असं म्हणून सुटका होत नाही. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरी चालतात त्या उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर. त्यामुळे किट ऑनलाइन मिळतंय म्हणून मागवू नका.

पण सेन्सरची ती युक्ती बिअरपुरती नाही. जे जे आंबवलं जातं त्या सगळ्याला ती लागू पडते. जव्हार-मोखाड्याकडे, म्हणजे माझ्या गावाकडे, ती सगळ्यात जास्त कामाची आहे नाचणीच्या आंबिलीसाठी.

बिअरमध्ये नेमकं काय सांभाळतात?

बिअर म्हणजे थोडक्यात असं. धान्याला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे आणि गरम पाण्यात भिजवून त्याचं गोड पाणी काढायचं. ते उकळून थंड केलं की त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. माणसाचं काम इथे संपतं. पुढचं सगळं यीस्टच करतं.

मग 'मॅनेज' काय करायचं? तापमान. 'एल' प्रकारच्या बिअरचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला नीट काम करतं, 'लागर'चं साधारण ८ ते १३ अंशांना. तापमान वर गेलं तर यीस्ट भराभर काम करतं, पण सोबत नको ते वास आणि जड अल्कोहोल तयार करतं. खाली गेलं तर झोपी जातं.

यात एक गंमत आहे. साखर फोडताना उष्णता बाहेर पडते. त्यामुळे जोरात आंबत असलेल्या २० लिटरच्या बादलीचं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज जास्त असू शकतं. भिंतीवरचा थर्मामीटर २० दाखवतो आणि आत यीस्ट २४ मध्ये बसलेलं असतं. म्हणून होमब्रूवाले खोलीचं तापमान मोजत बसत नाहीत, भांड्याचं मोजतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: हवेचं नाही, भांड्यातल्या मिश्रणाचं तापमान बघायचं.

त्यांच्याकडे आणखी एक खेळणं असतं, 'आयस्पिंडल' नावाचं. हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे. एका बंद नळीत छोटं वायफाय बोर्ड आणि मोबाईलमध्ये असतो तसा झुकाव मोजणारा सेन्सर असतो. ही नळी बिअरमध्ये तरंगते. साखर संपत जाते तसं पाणी हलकं होतं आणि नळीचा कोन बदलतो. त्या कोनावरून किती साखर उरली ते कळतं. समजा घनता १.०५० वरून १.०१० वर आली, तर फरक ०.०४०. त्याला १३१.२५ ने गुणलं की ५.२५, म्हणजे सव्वापाच टक्के अल्कोहोल. झाकण न उघडता हे सगळं मोबाईलवर दिसतं.

आता नाचणीकडे

नाचणी बिअरसाठी परकी नाही. सिक्कीम-दार्जिलिंगकडचं 'तोंगबा' आंबवलेल्या नाचणीचंच असतं. युगांडातही नाचणीची बिअर करतात. आपल्याकडे त्याच नाचणीचं दुसरं रूप जास्त चालतं, ते म्हणजे आंबील. नाचणीचं पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी शिजवायचं, मीठ-ताक घालून प्यायचं. प्रत्येक घरची पद्धत थोडी वेगळी, पण गाभा हाच.

इथे मुख्य काम यीस्टचं नसतं, ते लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं असतं. दह्यात असतात त्यांचेच हे भाऊबंद. ते साखरेचं आम्ल करतात, म्हणून आंबील आंबट लागते. रात्रभराच्या आंबवणीत आम्लच जास्त तयार होतं. दारू करण्याचा हा मार्ग नाही.

या जिवाणूंना साधारण ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं. आणि आपली अडचण इथेच सुरू होते.

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मोखाडाही डोंगरातच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो आणि कुडाच्या घरात तो आतपर्यंत येतो. एक ढोबळ नियम सांगतो: तापमान १० अंशांनी उतरलं की जिवाणूंचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे ३० अंशांना १० तासांत तयार होणारं मिश्रण २० अंशांना २० तास घेईल. संध्याकाळी सातला कालवलेलं पीठ पहाटे पाचला तयार पाहिजे, तर ते दुपारी तीनला होणार. आणि मे महिन्यात उलटं. रात्री कालवलेलं पहाटेपर्यंत इतकं आंबतं की पोरं तोंड वाकडं करतात.

'एक दिवस आंबील नाही जमली तर काय बिघडतं?' असं शहरात बसून वाटू शकतं. पण इथे दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर आणि बांधकामावर कामाला जातात. जी मागे राहतात तीही पहाटेच कामाला लागतात. पोटात काय जाणार ते आदल्या संध्याकाळी ठरलेलं असतं. नाचणी डोंगरउतारावर लावायची, खुरपायची, कापायची, झोडायची, मग दळायची. एवढ्या कष्टाचं पीठ फेकून द्यावं लागलं तर तो तोटा छोटा नाही.

मडकं हा फुकटचा कूलर आहे

सेन्सर लावण्याआधी भांड्याचा विचार करा. मातीच्या मडक्यातून पाणी झिरपतं आणि त्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. म्हणून कोरड्या हवेत मडक्यातलं मिश्रण बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहतं. मे महिन्यात हे वरदान आहे. वर ओलं फडकं गुंडाळलं की आणखी थंड. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवा आधीच दमट असते, वाफ होत नाही, त्यामुळे मडकं फारसं थंड करत नाही. आणि डिसेंबरात हाच गुण अंगाशी येतो, कारण आपल्याला ऊब हवी असते आणि मडकं उष्णता घालवत असतं. त्यामुळे थंडीत स्टीलचा डबा वापरा, उन्हाळ्यात मडकं.

आमची आजी थंडीत भांडं विझलेल्या चुलीशेजारी सरकवते. "चूल विझली तरी राख जागी असते," असं ती म्हणते. इंजिनिअरिंगच्या भाषेत तिने उष्णतेचा साठा वापरला. आपण सेन्सर लावून एवढंच बघणार आहोत की ती राख रात्री किती वाजेपर्यंत जागी राहते.

सामान काय लागेल?

१. ईएसपी३२ बोर्ड. यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही असतं.
२. डीएस१८बी२० सेन्सर, स्टीलची टोपी आणि लांब वायर असलेला वॉटरप्रूफ प्रकार.
३. ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर.
४. मोबाईलचा जुना चार्जर किंवा पॉवर बँक.

हे सगळं साधारण हजार रुपयांच्या आत बसतं. डीएस१८बी२० मधली चूक उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात जास्तीत जास्त अर्धा अंश असते. आपल्याला तेवढं पुरे.

जोडणी सोपी आहे. सेन्सरची लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी बोर्डाच्या ४ नंबरच्या पिनला. (काही सेन्सरच्या वायरचे रंग वेगळे असतात, विकत घेताना विचारून घ्या.) रेझिस्टर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये. तो विसरलात तर रीडिंग येणार नाही किंवा काहीतरी भलतंच येईल. प्रोग्रॅमसाठी आर्डुइनो आयडीईमध्ये 'वनवायर' आणि 'डॅलस टेम्परेचर' या दोन लायब्ररी टाका. त्यांच्यासोबत येणाऱ्या उदाहरणातच निम्मं काम होतं.

दोन आकडे ओळखून ठेवा. रीडिंग उणे १२७ आलं तर सेन्सरची वायर निघाली आहे. बरोब्बर ८५ आलं तर सेन्सरने अजून मोजलेलंच नाही, चालू होताना तो हा आकडा देतो. हे दोन्ही आकडे प्रोग्रॅममध्ये गाळून टाका, नाहीतर मध्यरात्री 'आंबील ८५ अंशांवर' असा अलार्म वाजेल.

सेन्सर मिश्रणात बुडवायचा का? नको. स्वस्त सेन्सरचं स्टील आणि आतला गोंद खाण्याच्या आंबट पदार्थासाठी बनवलेला आहे याची खात्री नसते. होमब्रूवाले करतात तसं करा: डब्याच्या बाहेरून, मिश्रणाच्या पातळीखाली, सेन्सर टेपने घट्ट चिकटवा आणि वरून फोमचा किंवा जाड कापडाचा तुकडा बांधा. फोममुळे बाहेरची हवा सेन्सरला लागत नाही आणि तो डब्याचंच तापमान दाखवतो. स्टीलच्या पातळ भिंतीतून हे चांगलं जमतं.

नेटवर्क नाही? तरी चालतं

मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून क्लाउडवर डेटा पाठवणारी अॅप्स इथे कामाची नाहीत. ईएसपी३२ स्वतःच वायफाय हॉटस्पॉट बनू शकतो. मोबाईल त्या हॉटस्पॉटला जोडा, ब्राउझर उघडा आणि १९२.१६८.४.१ हा पत्ता टाका (आकडे इंग्रजी कीबोर्डवरून). बोर्डावर साधं वेबपेज ठेवलेलं असेल तर तापमान आणि ग्राफ दिसेल. इंटरनेटचा एक एमबीसुद्धा लागत नाही.

इथे दोन गोष्टींवर बरेच जण अडकतात. मोबाईलला कळतं की या वायफायवर इंटरनेट नाही, मग तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि पेज उघडत नाही. तेवढ्यापुरता मोबाईल डेटा बंद करा. दुसरं, काही पॉवर बँक कमी करंट लागला की आपोआप बंद होतात. रात्रभरासाठी ठेवण्याआधी दिवसा दोन तास चालवून बघा.

ऊब द्यायची कशी? आधी हिशोब

समजा डब्यात ३ लिटर मिश्रण आहे आणि ते २२ अंशांवरून ३० वर न्यायचं आहे. पाण्याचा हिशोब धरला तर ३ गुणिले ४.२ गुणिले ८, म्हणजे साधारण १०० किलोज्यूल उष्णता लागेल.

आता एक लिटरची स्टीलची बाटली घ्या. त्यात ६० अंशांचं गरम पाणी भरा. ते ३० अंशांपर्यंत थंड होताना १ गुणिले ४.२ गुणिले ३०, म्हणजे १२६ किलोज्यूल देतं. म्हणजे कागदावर एकच बाटली पुरते! प्रत्यक्षात थोडी उष्णता बाहेर जाणार, म्हणून दोन बाटल्या धरा. डबा आणि बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात शेजारी ठेवा, झाकण लावा, वर गोधडी टाका. वीज शून्य. लोडशेडिंग असलं तरी फरक पडत नाही. कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्या मात्र वापरू नका, गरम पाण्याने त्या आक्रसतात.

वीज वापरायचीच असेल तर १२ व्होल्टचं छोटं हीटिंग पॅड घ्या. १२ वॅटच्या पॅडला हेच १०० किलोज्यूल द्यायला सव्वादोन-अडीच तास लागतात आणि रात्र मोठी असते. थर्माकोलच्या खोक्यात २३० व्होल्टचा पिवळा बल्ब लावलेले व्हिडिओ दिसतील. ते करू नका. थर्माकोल पेटतो. बंद खोकं, ओलसर भांडं, उघडी वायर आणि झोपलेलं घर हे एकत्र नको.

पॅड लावलंत तर प्रोग्रॅममध्ये एकच आकडा ठेवू नका. '३० च्या खाली चालू, ३० च्या वर बंद' असं लिहिलं तर २९.९ आणि ३०.१ मध्ये पॅड सतत चालू-बंद होत राहील. दोन आकडे ठेवा:

जर तापमान २९ पेक्षा कमी, तर पॅड चालू.
जर तापमान ३१ पेक्षा जास्त, तर पॅड बंद.
मधे असेल, तर आहे तसंच राहू दे.

याला हिस्टेरिसिस म्हणतात. तुमचा फ्रीज आणि गीझर हेच करतात. बाटल्या वापरत असाल तरी नियम तोच, फक्त पॅडच्या जागी तुम्ही: २७ च्या खाली गेलं की बाटली बदला. पहिल्या दोन-तीन रात्री ग्राफ बघितलात की बाटली साधारण कधी बदलावी लागते ते कळेल.

तयार झालं हे कसं ओळखायचं?

बिअरमध्ये घनता बघतात, आपण आंबटपणा बघायचा. पीएच ही आंबटपणा मोजायची पट्टी १९०९ मध्ये सोरेनसन या शास्त्रज्ञाने मांडली आणि तो काम करत होता कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. म्हणजे बिअर कंपनीच्याच लॅबमध्ये! आज शाळेच्या प्रयोगशाळेपासून माती परीक्षणापर्यंत सगळीकडे तीच वापरतात.

पीएच ४.६ च्या खाली गेला की बरेच घातक जिवाणू वाढू शकत नाहीत. म्हणून ४ ते ४.५ च्या आसपास आलं की शिजवायला घ्या. त्यासाठी ३.५ ते ६ अशा छोट्या पट्ट्यातल्या पीएच पट्ट्या आणा. १ ते १४ वाल्या पट्टीवर एवढा बारीक फरक दिसत नाही. नाचणीचा तपकिरी रंग पट्टीला लागतो, म्हणून वर साचलेलं निवळ पाणी चमच्याने घेऊन त्यातच पट्टी बुडवा.

लवकर आंबट व्हावं म्हणून कालच्या चांगल्या मिश्रणातलं थोडं, न शिजवलेलं, आजच्यात घाला. दह्याला विरजण लावतो तसंच. चांगले जिवाणू सुरुवातीपासूनच जास्त असले की वाईटांना जागा मिळत नाही. थंडीत याचा फायदा जास्त, कारण त्या संथ तासांतच गडबड होण्याची शक्यता असते.

या तीन बाबतीत तडजोड नको:

- वर हिरवी, काळी, गुलाबी बुरशी किंवा सडका वास आला तर फेकून द्या. 'उकळलं की सगळं मरतं' हे अर्धसत्य आहे. जिवाणू मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही.
- झाकण घट्ट लावू नका. वायू तयार होतो, बंद बाटलीत दाब वाढतो. स्वच्छ फडकं बांधा.
- भांडं, पळी आणि हात स्वच्छ पाहिजेत. सेन्सर अस्वच्छता दाखवत नाही.

सेन्सर कायम लागतो का?

नाही. प्रत्येक वेळी मोबाईलच्या नोट्समध्ये चार गोष्टी लिहा: कालवलं किती वाजता, सुरुवातीचं तापमान, पहाटेचं तापमान आणि तयार झालं किती वाजता. थंडीतल्या दहा नोंदी, उन्हाळ्यातल्या दहा आणि पावसाळ्यातल्या दहा झाल्या की तुमच्या घराचं, तुमच्या भांड्याचं स्वतःचं वेळापत्रक हातात येईल. डिसेंबरात किती बाटल्या, मे महिन्यात किती उशिरा कालवायचं, सगळं. मग सेन्सर काढून इडलीच्या पिठाला लावा, नाहीतर शेजारच्या घरी द्या. वेळापत्रक मात्र कागदावर लिहून चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा, कारण पहाटे आंबील करणाऱ्याच्या हातात मोबाईल असतोच असं नाही.